'मस्करी' नव्हे, सात किलोचा दाब

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

कारखान्यात सहकाऱ्याच्या गुदद्वारातून शरीरात काँप्रेसरची हवा सोडली आणि तो दगावला, अशी बातमी अधूनमधून कुठून ना कुठून येतेच. मथळा ठरलेला: 'मस्करी जिवावर बेतली'. आत दोन परिच्छेद, पोलीस ठाण्याचे नाव, गुन्हा दाखल, विषय संपला. नळीत दाब किती होता, हवा मारायच्या बंदुकीच्या अलीकडे दाब कमी करणारा रेग्युलेटर होता का आणि त्याच नळीने रोज संध्याकाळी कपडे झटकायची पद्धत होती का, हे तीन प्रश्न कोणी विचारत नाही. वास्तविक सगळी गोष्ट त्या तीन प्रश्नांत आहे. मस्करी करणारा दोषी आहेच, त्याची बाजू घेण्याचा प्रश्न नाही. पण ज्या गाळ्यात पूर्ण दाबाची उघडी नळी प्रत्येकाच्या हाताशी लोंबते आहे, तिथे अपघाताची तयारी मालकाने आधीच करून ठेवलेली असते.

साकीनाका, मरोळ, भांडुप, गोवंडी, कुठल्याही औद्योगिक वसाहतीत पाळी सुटताना चक्कर मारा. लेथवरचा बुरादा, सुतारकामाचा भुसा, शिवणकामाचा धागा-कचरा अंगावरून काढायला प्रत्येक जण हवेची बंदूक उचलतो. आधी स्वतःवर, मग पाठमोऱ्या दोस्तावर. ती हवा साधारण सात किलोची असते. आपल्याकडे 'किलो' म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो. सात किलो म्हणजे साधारण १०० पीएसआय (दर चौरस इंचाला १०० पौंड), मोटारीच्या चाकात आपण भरतो त्याच्या जवळजवळ तिप्पट.

आता शरीराचे गणित. बंदुकीचे भोक ३ मिलिमीटर धरले तर सात किलोच्या दाबाने त्यातून सेकंदाला साधारण दहा लिटर हवा बाहेर पडते. माणसाचे मोठे आतडे फाटायला सुमारे ४ पीएसआय दाब पुरतो, म्हणजे पाव किलोच्या आसपास. पँटचे कापड हवेला अडवत नाही आणि नळी आत घालावी लागते हाही गैरसमज आहे. नुसती जवळ धरून खटका दाबला तरी हवा आत शिरते. 'जरासाच दाबला होता' असे जे नंतर सांगितले जाते ते खरेही असेल, पण इथे 'जरासा' म्हणजे अर्धा सेकंद, आणि अर्ध्या सेकंदात पाच लिटर.

असे झालेच तर पोट झपाट्याने फुगते, नगाऱ्यासारखे ताठ होते, श्वास लागतो, कारण फुगलेले पोट छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला वर ढकलते. अशा वेळी पाणी, चूर्ण, जुलाब काही देऊ नये, पोट चोळू नये आणि 'गॅस झाला, पड जरा माळ्यावर' असे तर अजिबात करू नये. तडक शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या रुग्णालयात न्यावे आणि डॉक्टरांना घडले ते जसेच्या तसे सांगावे: काँप्रेसरची हवा, इतका दाब, इतक्या वाजता. लाजेपोटी किंवा शेठच्या भीतीपोटी 'पोटात दुखतंय' एवढेच सांगितले जाते आणि मोलाचे तास वाया जातात.

हवा फक्त तिथूनच शिरते असे नाही. हातावर साधी चीर असेल आणि त्यावर बंदूक चालली तर हवा कातडीखाली पसरते. जागा फुगते आणि बोटाने दाबली की पापड मोडल्यासारखी कुरकुरते. हे दिसले की घरगुती उपाय न करता दवाखाना गाठावा. डोळ्याजवळ हवा लागून पापणी फुगली असेल तर नाक शिंकरू नये, त्याने आणखी हवा खोबणीत जाते. कानाचा पडदा ५ पीएसआयच्या आसपास फाटू शकतो. मशीनवरचा बुरादा उडून समोरच्याच्या डोळ्यात जातो हे तर रोजचे आहे.

यावरचा उपाय जुना आणि स्वस्त आहे. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत साफसफाईसाठीच्या हवेचा दाब ३० पीएसआयच्या खाली असला पाहिजे असे म्हटले आहे. आपल्या भाषेत दोन किलो. त्यातही उडणारा कीस-बुरादा अडवणारा आडोसा आणि डोळ्यांवर चष्मा हवा, असे तोच नियम सांगतो. या आकड्याचा एक उलटा अर्थ लावला जातो, तो आधी खोडून काढतो. दोन किलोची हवा अंगावर मारायला चालते असा त्याचा अर्थ नाही. आतडे पाव किलोला फाटते, तेव्हा दोन किलो हाही आठपट दाब झाला. अंगावर, केसांवर, कपड्यांवर हवा मारायचीच नाही. दोन किलोची मर्यादा आहे ती मशीन आणि माल साफ करताना बंदूक चुकून हाताला किंवा गालाला टेकली तर काय होईल यासाठी.

रेग्युलेटर बसवतात तिथेही चूक होते. काँप्रेसरच्या हवा साठवणाऱ्या टाकीवर एक रेग्युलेटर बसवला की झाले असे समजतात. पण हवेवर चालणाऱ्या पान्याला, सिलिंडरला सहा किलो लागतात, मग दुपारपर्यंत कोणीतरी टाकीवरची गुंडी पूर्ण पिळून ठेवतो आणि साफसफाईच्या नळीतही सहा किलो येतात. म्हणून साफसफाईच्या बंदुकीची फांदी वेगळी काढावी आणि त्या फांदीवर स्वतंत्र, लहान गेज (दाब दाखवणारी काट्याची तबकडी) असलेला रेग्युलेटर लावावा. गुंडी आधी उलटी फिरवून पूर्ण सैल करायची, मग कॉक उघडायचा आणि बंदुकीचा खटका न दाबता गुंडी हळूहळू सुलटी फिरवायची. काटा दोनच्या किंचित अलीकडे आला की गुंडी दाबून लॉक करायची. खटका न दाबताच काटा बघायचा, कारण हवा वाहू लागली की काटा खाली येतो आणि आपली फसगत होते. हवा अडलेली असताना जो दाब दिसतो तोच बंदुकीचे तोंड हाताला चिकटून बंद झाल्यावर हाताला लागणारा दाब. असा रेग्युलेटर साधारण एका कामगाराच्या दोन दिवसांच्या मजुरीत येतो.

दुसरा मार्ग बंदुकीच्या तोंडाचा. टोकाच्या बाजूला लहान भोके असलेली तोंडे मिळतात. पुढचे भोक कशाला टेकून बंद झाले की हवा बाजूने निसटते आणि दाब चढत नाही. चांगली सोय आहे. फक्त 'जोर येत नाही' म्हणून त्या बाजूच्या भोकांवर इन्सुलेशन टेप गुंडाळणारे महाभाग प्रत्येक वसाहतीत असतात, त्यामुळे सुपरवायझरने आठवड्यातून एकदा बंदुका हातात घेऊन बघाव्यात. टोक कापून पितळी नळीचा तुकडा खोचलेली बंदूक दिसली तर ती सरळ भंगारात.

दोन किलोला कचरा निघत नाही ही तक्रार खरी आहे, पण अर्धीच. आजूबाजूची हवा ओढून सोबत नेणारी तोंडे येतात, त्यांनी कमी दाबातही काम होते. लेथवरच्या चिरा, म्हणजे धातूच्या कपच्या, मुळात हवेने काढायच्याच नाहीत. त्याला ओढायची लोखंडी आकडी आणि ब्रश आहे. हवेने त्या सरकपट्टीच्या फटीत बसतात आणि सहा महिन्यांनी मशीनला ढिलाई येते. लाकडाचा भुसा, पीठ, ॲल्युमिनियमची बारीक भुकटी हवेने उडवली तर हवेत तरंगणारा तोच कचरा ठिणगीसरशी पेट घेऊन स्फोट होऊ शकतो. दगडाच्या पुडीचे दुखणे वेगळे, ती फुफ्फुसात जाऊन बसते. या सगळ्यांना औद्योगिक व्हॅक्यूम क्लीनर लागतो. कपड्यांना कपड्याचा ब्रश किंवा व्हॅक्यूमचे तोंड. आवाजाचे वेगळे सांगायला नको. आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे आणि उघड्या नळीची शिट्टी ती सहज ओलांडते.

गॅस कटिंगच्या जागी याहून भयंकर प्रकार चालतो. काँप्रेसर नसतो, तेव्हा ऑक्सिजनची नळी अंगावर मारून धूळ झटकतात, उकाड्यात गारवा म्हणून शर्टातही सोडतात. ऑक्सिजन ही हवा नव्हे. तो कापडात मुरतो आणि मग कटरची एक ठिणगी पुरते. नेहमी धुमसणारे सुती कापड अशा वेळी क्षणात भडकते आणि तेलकट असेल तर विचारायलाच नको. चुकून ऑक्सिजन अंगावर आलाच तर आगीपासून दूर, मोकळ्यावर जाऊन कपडे निदान पंधरा मिनिटे वाऱ्यावर राहू द्यावेत. विडी तर दूरच.

आता टाकी. तिच्याबद्दल वर्तमानपत्रात कधीच येत नाही, आणि येते तेव्हा ती फुटलेली असते.

५०० लिटरच्या टाकीत आठ किलोला साठलेली ऊर्जा सुमारे ५०० किलोज्यूल भरते. एक टन वजनाची मोटार सोळा-सतरा मजले उचलायला एवढी ऊर्जा लागते. टाकीचा व्यास ६० सेंटिमीटर असेल तर तिच्या एकेका झाकणावर आतून २२ टनांचा रेटा असतो. हा रेटा पेलणारा पत्रा काही मिलिमीटर जाडीचा असतो आणि मुंबईत तो आतून गंजतो. ३० अंश तापमान आणि ८५ टक्के आर्द्रता, म्हणजे आपला जुलै. अशा हवेत दर घनमीटरला २५ ग्रॅमच्या वर पाणी असते. मिनिटाला २० घनफूट हवा ओढणारा साधा काँप्रेसर आठ तास सलग चालला, तर पाच लिटरच्या वर पाणी तो हवेतून वेगळे काढतो. काही नळीतून पुढे जाते आणि बाकी टाकीच्या तळाशी बसते. पुण्याच्या मेमध्ये हे एवढे होत नाही, त्यामुळे कंपनीच्या पुस्तिकेत 'आठवड्यातून एकदा' लिहिले असले तरी इथे पाणी रोज काढायचे, पावसाळ्यात दिवसातून दोनदा.

ते निघत नाही याचे कारण बहुतेक ठिकाणी आळस नसून जागा असते. टाकी जिन्याखाली किंवा पोटमाळ्यावर कोंबलेली, पाय आखूड, आणि ड्रेन कॉक जमिनीपासून चार बोटांवर. हात पोचत नाही, म्हणून कोणी उघडत नाही, म्हणून तो जाम होतो, आणि जाम झाला म्हणून कोणी उघडत नाही. टाकीचे पाय विटेवर नव्हे, पक्क्या लोखंडी स्टँडवर उचलावेत किंवा ड्रेनला कोपरा लावून नळी बाहेर काढून तिच्या टोकाला बॉल कॉक बसवावा. कॉक हळू उघडायचा, झटक्यात नाही. पाणी दुधाळ असेल तर त्यात तेल येते आहे, पिस्टनच्या रिंगा बघा. लालसर पाण्याबरोबर खपल्या येत असतील तर पत्र्याची जाडी मोजायची वेळ झाली. (हे तेलकट पाणी गटारात सोडू नये, डब्यात धरावे. मिठी नदीत आधीच काय कमी आहे!)

जाडी मोजायला टाकी कापावी लागत नाही. अल्ट्रासोनिक यंत्राने बाहेरून मोजता येते. तळाच्या मध्यरेषेवर, जोडाच्या दोन्ही बाजूंना आणि पाय वेल्ड केले आहेत तिथे मोजायला सांगा, पोटाच्या वरच्या भागावर मोजून दिलेला कागद कामाचा नाही. दाबाची चाचणी पाणी भरूनच करायची. पाणी दाबले जात नाही, त्यामुळे टाकी फाटली तरी पाणी नुसते गळते. हवेने चाचणी घेणारा माणूस बाँबजवळ उभा राहून बाँब बरा आहे का हे तपासत असतो.

टाकीला सुईएवढे भोक पडले की नाक्यावरचा वेल्डर बोलावून ठिगळ मारतात. हे कधीही करू नये. भोक एकटे येत नाही. भोवतीचा पत्रा कागद झालेला असतो आणि वेल्डिंगच्या उष्णतेने तो आणखी कच्चा होतो. अशी टाकी निकालात काढायची आणि भंगारवाल्याला देण्याआधी हवा पूर्ण सोडून पोटात मोठे भोक पाडायचे, म्हणजे रंग मारून ती दुसऱ्या गाळ्यात उभी राहणार नाही. उलट बाजूने, जुनी टाकी विकत घेणाऱ्याने आधी पाटी बघावी. क्रमांक, वर्ष, कमाल दाब, चाचणीचा दाब लिहिलेली पाटी नसेल तर ती टाकी फुकट मिळाली तरी महाग आहे.

सेफ्टी व्हॉल्व्हचे नशीबही असेच. दाब वाढला की आपोआप उघडणारा हा व्हॉल्व्ह थोडा गळू लागला की काढून तिथे डमी, म्हणजे नुसते बूच, ठोकतात. हवा वाचते आणि टाकीचा एकमेव शेवटचा रखवालदार जातो. प्रेशर स्विच आठ किलोला मोटार बंद करत असेल तर व्हॉल्व्ह त्याच्या थोडा वर, साडेआठ ते नऊला उघडणारा हवा, आणि पाटीवरच्या कमाल दाबापेक्षा कधीही जास्त नाही. टाकी आणि व्हॉल्व्ह यांच्या मध्ये कॉक बसवायचा नाही. महिन्यातून एकदा टाकी भरलेली असताना, चष्मा आणि कानात बोळे घालून, बाजूला उभे राहून त्याची कडी ओढावी. जोरात हवा सुटली पाहिजे आणि कडी सोडताच पूर्ण थांबली पाहिजे. थांबली नाही तर बदला, ठोकून बसवू नका. स्विच चिकटला आणि व्हॉल्व्हही जाम असला तर मोटार चालतच राहते, आणि मग टाकीत किती किलो चढले ते गेजचा काटा टोकाला टेकल्यावर कळतही नाही.

मोटार आपोआप सुरू होते हेही नवा हेल्पर विसरतो. पट्टा बघायला हात घातला आणि दाब उतरल्यावर स्विचने मोटार चालू केली की बोटे जातात. जाळी काढण्याआधी मेन स्विच बंद, त्याला कुलूप, आणि टाकीची हवा शून्यावर.

आणखी एक मुंबईछाप काटकसर म्हणजे हवेच्या लाइनला पाण्याचा पीव्हीसी पाइप. त्यावर '१० किलो' छापलेले असते आणि मिस्त्री तेच बोट ठेवून दाखवतो. तो आकडा पाण्याचा आहे. पाण्याचा पाइप तडकला की पाणी गळते, हवेचा तडकला की त्याचे काचेसारखे धारदार तुकडे उडतात. काँप्रेसरचे तेल आणि उष्णतेने तो आणखी ठिसूळ होतो. लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची लाइन आणि हवेच्या दाबाचा आकडा लिहिलेली नळी, एवढेच वापरावे. नळीच्या टोकाला बाइंडिंग वायर पिळू नये, क्लिप किंवा दाबून बसवलेले फेरूल (धातूचे कडे) लागते. नळी निसटली तर ती सापासारखी फणा काढून फटके मारते. अर्ध्या इंचापेक्षा जाड नळीला दोन्ही टोके बांधणारी तार आणि उगमाशी आपोआप बंद होणारा व्हॉल्व्ह असावा. नळी सोडवताना आधी कॉक बंद, मग खटका दाबून नळीतली हवा रिकामी, मगच कपलर (नळीचा जोड) सोडायचा. निसटलेली नळी हाताने पकडायला धावू नका. कॉक बंद करा.

कायद्यात हे नाही असे नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याचे कलम ३१ दाबाखालच्या यंत्रणेसाठीच होते. सहा महिन्यांनी बाहेरून आणि वर्षाने आतून सक्षम व्यक्तीकडून तपासणी ही रीत कारखान्यांना माहीत आहे. आता २०२० ची व्यावसायिक सुरक्षा संहिता त्याची जागा घेते आहे. राज्याचे औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय ही तपासणी करू शकणाऱ्यांना मान्यता देते. अडचण अशी की विजेवर चालणारा कारखाना म्हणून मोजले जायला २० कामगार लागतात आणि मुंबईतल्या बहुसंख्य गाळ्यांत पाच-सात माणसे असतात. टाकी मात्र तीच, दाब तोच, आणि भिंतीपलीकडे दुसऱ्याचा गाळा.

म्हणून आमची विनंती औद्योगिक वसाहतींच्या सोसायट्यांना आहे. लिफ्टची तपासणी आणि अग्निशमनाची कागदपत्रे त्या ठेवतातच. त्याच कपाटात एक वही टाक्यांची ठेवावी: गाळा क्रमांक, टाकीचा क्रमांक आणि लिटर, पाटीवरचा दाब, जाडी मोजल्याची तारीख आणि आकडा, सेफ्टी व्हॉल्व्ह बदलल्याची तारीख. गाळा भाड्याने देताना टाकीसह दिला असेल तर पाटीचा फोटो करारनाम्याला जोडावा. पाच-सहा गाळ्यांनी मिळून जाडी मोजणाऱ्याला एकाच दिवशी बोलावले तर खर्च वाटला जातो. पावसाळा संपला की लगेच, ऑक्टोबरमध्ये बोलावणे बरे, कारण चार महिन्यांचे पाणी तोवर पत्र्यावर आपले काम करून गेलेले असते.

आपले,
काँप्रेसर व हवा-यंत्रणा देखभालीच्या कामातील काही तंत्रज्ञ
साकीनाका, मुंबई